सेल तुमच्याकडे, काम अख्ख्या कॉलेजचं

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. जुलैपासून प्राचार्यांनी प्लेसमेंट सेल माझ्याकडे दिला आहे. कला शाखेत एफवायला १८०, एसवायला १४० आणि टीवायला ११० विद्यार्थी आहेत. गेल्या वर्षी रोजगार मेळावा घेतला. वाणिज्य-विज्ञानाची मुलं निवडली गेली, आमच्या मुलांचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात तसेच राहिले. निम्मी मुलं ‘भरती करतो’ म्हणतात. मुलींना घरचे लांब पाठवत नाहीत. एकीने तर तोंडावर विचारलं, ‘मॅडम, बी.ए. करीसन काय व्हई?’ सेलला निधी नाही. सुरुवात कुठून करू, विद्यापीठाकडे काय मागू, आणि व्यवस्थापनाकडे किती पैसे मागू?

उत्तर :

मॅडम, मेळावा सध्या बाजूला ठेवा. मेळाव्यात कंपनीचा माणूस एका मुलाला चार-पाच मिनिटं देतो. तेवढ्या वेळात त्याच्यासमोर असतं काय? नाव, पत्ता, टक्केवारी आणि ‘छंद : वाचन, क्रिकेट’. सगळ्यांचं सारखंच असेल तर तो गठ्ठे शाखेनुसारच लावणार, कारण त्या कागदावर निवडायला दुसरं काही नसतं. बी.कॉम.च्या मुलाला टॅली येत असेल, बी.एस्सी.वाल्याला प्रयोगशाळा माहीत असेल, असा त्याचा अंदाज असतो. तुमच्या मुलांबद्दल त्याला अंदाजच बांधता येत नाही. खरं तर त्याच्याकडच्या बऱ्याच जागांना ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ चालतो.

म्हणजे मुलांच्या हातात दाखवण्यासारखं काम हवं. ते टीवायच्या फेब्रुवारीत घाईघाईने तयार होत नाही, आणि एकट्या सेलकडून तर होतच नाही, कारण सेलकडे तास नसतात. तास असतात विषयशिक्षकांकडे. नव्या शैक्षणिक धोरणाने हे तास वेळापत्रकात घालून दिले आहेत, फक्त बहुतेक ठिकाणी ते कागदोपत्री संपवले जातात. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात कौशल्याचे व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य) आणि एसईसी (कौशल्यवृद्धी) हे पेपर आहेत, दोन-दोन क्रेडिटचे फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपी (समाजसहभाग प्रकल्प) आहेत, आणि सहाव्या सत्रात चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आहे. ओजेटीचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे १२० तास. तुमच्या ११० मुलांचे मिळून १३ हजारांवर तास होतात. एवढं मनुष्यबळ कोणत्याही मेळाव्याने तुम्हाला दिलं नसतं.

तुमच्या विषयापासूनच सुरू करा. थाळनेर तुमच्याच तालुक्यात आहे. फारुकींची जुनी राजधानी, तापीकाठचा किल्ला, मकबरे. दरवर्षी मुलांना तिथे नेऊन फोटो काढून आणले जातात आणि प्रकल्पाच्या नावाखाली कुठल्या तरी पुस्तकातली पानं उतरवली जातात. मग बायोडाट्यात एक ओळ येते, ‘इतिहास विषयात प्रकल्प केला’. ती वाचून कोणाला काही कळत नाही. तोच प्रकल्प असा बांधा : चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला एक वास्तू किंवा वस्तीचा एक भाग, पंधरा प्रश्नांची एकच प्रश्नावली, दहा वयस्क गावकऱ्यांच्या मुलाखती, प्रत्येक फोटोला क्रमांक आणि तारीख, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये, शेवटी दहा पानांचा अहवाल. आता बायोडाट्यातली ओळ अशी होते : ‘थाळनेर येथे चार जणांच्या गटात १० मुलाखती घेतल्या, ४० छायाचित्रांची क्रमवार नोंद एक्सेलमध्ये केली, अहवालाचं मुद्रितशोधन मी केलं.’ ही ओळ सर्वेक्षण करणारी संस्था वाचते, दवाखान्याचा प्रशासन विभाग वाचतो, वृत्तपत्रही वाचतं. शेवटचं ‘मी केलं’ फार महत्त्वाचं. गटात कोणी काय केलं ते लिहून घेतलं नाही तर एकच हुशार मुलगी सगळं करते आणि उरलेले तिघं सही करतात.

इतिहासाच्या मुलांसाठी मोडी लिपी हा व्हीएससीचा विषय घ्यायला सांगू. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. जमिनीचे जुने दस्त, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी यांना वाचक लागतोच. मात्र मुलांना खरं सांगा : दोन क्रेडिटच्या तासांत अक्षरओळख होते, दस्त वाचता येत नाही. त्यासाठी रोज अर्धा तास असा पाच-सहा महिन्यांचा सराव लागतो, आणि तो छापील मोडीवर करून उपयोग नाही, खऱ्या हस्ताक्षरांवरच करावा लागतो. धुळ्याला वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. हस्तलिखितांचे असे संग्रह एसटीने तास-दीड तासावर असणं हे भाग्य फार थोड्या कॉलेजांच्या वाट्याला येतं. स्वतः जाऊन भेटा, आधी दोनच मुलं पाठवा, काम नीट झालं तर पुढच्या वर्षी सहा.

भूगोलासाठी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या संगणकावर नीट चालतं. प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरी, बोअर आणि नाले मोबाइलच्या जीपीएसने टिपून नकाशा करायचा. इथे एकाचा नकाशा दुसरा नाव बदलून देतो, म्हणून गाव प्रत्येकाचं वेगळंच हवं. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या मुलांना कोबो टूलबॉक्स शिकवा. मोबाइलवर सर्वेक्षण करायचं हे साधन सामाजिक संस्था सर्रास वापरतात, आणि ज्याला ते आधीच येतं त्याला प्रशिक्षण द्यायचा त्यांचा वेळ वाचतो. मराठीच्या मुलांना युनिकोड टायपिंग, मुद्रितशोधनाच्या खुणा आणि हिंदी-मराठी अनुवाद शिकवा. राज्यशास्त्रवाल्यांना ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) कायदा प्रत्यक्ष दप्तर समोर ठेवून शिकवा. मानसशास्त्राबाबत मात्र सावध राहा. ‘बी.ए. झालं की समुपदेशक’ असं कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेलं आम्ही पाहिलं आहे, ते चुकीचं आहे. बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही, पुढे एम.ए. लागतं, आणि मनोरुग्णांवर उपचाराच्या कामाला त्याहून पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

एक गोष्ट सगळ्याच विषयांना लागू. बायोडाट्यात भाषांच्या रकान्यात मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी लिहितात आणि अहिराणी, पावरी, भिली, मावची लिहायला लाजतात. धडगाव-अक्कलकुव्यात आरोग्याचं किंवा पोषणाचं काम करणाऱ्या संस्थेला पावरी बोलणारा पदवीधर किती मोलाचा असतो ते त्यांना विचारा. वित्तसंस्थांच्या फील्ड ऑफिसरलाही गावात बोलीच कामी येते. भाषा लिहा, आणि कंसात ‘बोलतो’ की ‘बोलतो व लिहितो’ तेही लिहा.

आता ओजेटी. इथे सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली अडचण मामाच्या दुकानाच्या शिक्क्याची. मुलगा दुकानात गेलेलाच नसतो, १२० तासांचं प्रमाणपत्र मात्र येतं. हे तपासण्यापेक्षा रोखणं सोपं आहे : ठिकाण मुलाने शोधायचं नाही, सेलच्या यादीतूनच निवडायचं, आणि नात्यातलं ठिकाण चालणार नाही असा आयक्यूएसीचा (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) ठराव आधीच करून ठेवायचा. दुसरी अडचण अशी की मालकाला या मुलाकडून काय करून घ्यायचं तेच कळत नाही, मग झेरॉक्स आणि चहा. त्यासाठी पाठवताना एक पानाचं पत्र द्या आणि त्यात एकच वस्तू लिहा, जी शेवटच्या दिवशी तयार असली पाहिजे. बाजार समितीत : तीन महिन्यांची आवक आणि भाव यांचा तक्ता. नंदुरबारच्या मिरची बाजारात किंवा चोपडा-रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे : गाड्यांची रोजची नोंद आणि ग्राहकांची फोनयादी. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात : हजेरी आणि रजेचा गोषवारा. पतसंस्थेत : थकबाकीदारांना पाठवायच्या पत्रांचे मराठी मसुदे. आकाशवाणी किंवा स्थानिक दैनिकात : संपादून घेतलेल्या दहा बातम्या. दवाखान्यात : रुग्ण मदत कक्षावर विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची लेखी उत्तरं. वस्तू ठरलेली असली की मालकही कामाला लावतो.

तिसरी अडचण रोजच्या नोंदवहीची. वीस दिवसांची वही एकाच रात्री, एकाच पेनाने भरली जाते. ‘आज ऑफिसमध्ये काम केले’ ही ओळ वीस वेळा. उपाय : दिवसाला चारच रकाने. आलो किती वाजता, काय केलं, काय अडलं, कोणाला विचारलं. आणि दर शनिवारी त्या पानाचा फोटो गटशिक्षकाच्या व्हॉट्सअॅपवर. एका शिक्षकाकडे बारापेक्षा जास्त मुलं देऊ नका, नाहीतर तो फोटो उघडून बघत नाही. ‘काय अडलं’ हा रकाना पुढे मुलाखतीत फार कामाला येतो. ‘तुम्ही कोणती अडचण सोडवली?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आयतं लिहिलेलं असतं.

वेळ कोणती? पाचव्या सत्राची परीक्षा संपली की लगेच, जानेवारीत. रोज सहा तास, वीस दिवस. तोवर कापूस वेचणी बरीचशी उरकलेली असते. मार्चवर ढकललंत तर गहू-हरभऱ्याची काढणी आडवी येते, होळीच्या आठवड्यात सातपुड्यातली मुलं भोंगऱ्याला (आदिवासींच्या होळीच्या बाजाराला) घरी जातात (जाऊ द्यावं), आणि त्यानंतर आपल्याकडचं ऊन. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता मुलीला स्टँडवर उभी करून ओजेटी करायला लावणं बरोबर नाही.

मुलींचा प्रश्न ‘घरचे पाठवत नाहीत’ एवढाच नसतो. एसटीच्या वेळा, परतायची शेवटची गाडी, जायच्या जागी स्वच्छतागृह आणि दुसरी एखादी बाई आहे की नाही, हे वडील विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं. यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे ही चार उत्तरं लिहून ठेवा. मुलींना दोघी-दोघींनी एका ठिकाणी पाठवा. विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो, ओजेटीच्या गावाला चालत नाही. महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, तेव्हा मुलींचा खर्च तरी निम्म्यावर येतो. मुलांचं पूर्ण भाडं मोजूनच त्यांना ठिकाण द्या. वडिलांशी बोलायचं असेल तर एफवायच्या पालक मेळाव्यात बोला. टीवायला आपण विचारायला जातो तोवर घरात स्थळ बघणं सुरू झालेलं असतं.

‘भरती करतो’ म्हणणाऱ्या मुलांना रागावू नका. पहाटे पाचला उठून मैदानावर जाणारा मुलगा आळशी नसतो. फक्त त्याला हिशेब दाखवा. पोलीस शिपायाला बारावी पुरते, तिथे पदवीचा वेगळा फायदा नाही. मैदानी ५० गुण आणि लेखी १००. उपनिरीक्षक, तलाठी, बँक, राज्यसेवा यांना पदवी लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे सलग चार परिच्छेद स्वतःच्या मराठीत लिहिता येणं इथे गुण मिळवून देतं. कला शाखेला हे सोपं जायला हवं, पण गाइड पाठ करणाऱ्याला ते सोपं जाणार नाही. तुमच्या सत्र परीक्षेतली दीर्घोत्तरं नीट तपासून परत दिलीत तर हीच त्याची तयारी.

भरतीच्या मुलांकडून एफवायलाच तीन गोष्टी करून घ्या, कारण भरती झाली नाही तरी त्या वाया जात नाहीत. मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०, लिपिक-टंकलेखकाला हेच लागतं. दुचाकीचा परवाना, फील्डवरच्या कामाला तो आधी विचारतात. आणि कागदपत्रं : अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता. वैधतेला महिने लागतात, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे अर्ज तिथेच अडतात. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावातला फरकही याच वर्षी दुरुस्त करून घ्या. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासींसाठी टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती वर्गाच्या गटावर टाकायला एक विद्यार्थी प्रतिनिधी नेमा. मुलं त्या जाहिराती मुदत संपल्यावर बघतात. किती प्रयत्न करायचे, त्याचा आकडा मुलाने स्वतः लिहून तुमच्याकडे द्यावा. आपण सांगितलेला आकडा तो पाळत नाही.

पदवीनंतर लगेच नोकरी मिळाली नाही तर एक वर्षाची अॅप्रेंटिसशिप हा चांगला मधला मार्ग आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर कलेच्या पदवीधरांनाही नोंदणी करता येते. त्याचा आणखी एक उपयोग : मुख्यमंत्री फेलोशिपला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण ६० टक्के गुण, वय २१ ते २६ आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. आपली मुलं गुणांमुळे जेवढी अडत नाहीत तेवढी या अनुभवामुळे अडतात. आणखी शिकायचं असेल त्यांना सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा माहीत हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशाला तीच परीक्षा आहे, आणि त्यांचा एक परिसर आपल्या राज्यात तुळजापूरला आहे.

मग मेळाव्याचं काय? घ्या, पण कंपनीला फोन करताना ‘आमच्या कलेच्या मुलांना घ्याल का?’ असं विचारू नका, उत्तर ‘बघू’ येतं. विचारा, ‘तुमच्याकडे मराठीतून ग्राहकाशी बोलणारी, एक्सेलमध्ये नोंद ठेवणारी माणसं वर्षाला किती सोडून जातात?’ आकडा आला की तेवढीच मुलं, नावानिशी, त्यांच्या ओजेटीच्या एका ओळीसह पाठवा. तीस जणांच्या रांगेपेक्षा तिघांची यादी लवकर वाचली जाते.

विद्यापीठाकडे ‘मार्गदर्शन करावे’ असं मोघम पत्र पाठवू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीनच जिल्हे आहेत, हीच आपली सोय आहे. एवढ्या आटोपशीर क्षेत्रात ओजेटीच्या ठिकाणांची एकच सामाईक यादी होऊ शकते. बँक किंवा साखर कारखाना प्रत्येक कॉलेजशी वेगळा सामंजस्य करार करत बसणार नाही, विद्यापीठाशी एक करेल, म्हणून करार विद्यापीठाने करावा आणि मुलं कॉलेजांनी पाठवावीत. दुसरी मागणी : नोंदवही आणि मूल्यमापन पत्रक सगळीकडे सारखं. तिसरी अभ्यास मंडळांकडे : मोडी, अनुवाद, सर्वेक्षण आणि क्यूजीआयएस हे कौशल्याच्या बास्केटमध्ये यावेत, आणि शिकवायला बाहेरचा जाणकार बोलावण्याची मुभा असावी. चौथी विद्यार्थी विकास विभागाकडे : ‘कमवा व शिका’मध्ये बागकाम आणि झाडलोटीसोबत ग्रंथालयाची सूची, जुन्या दप्तरांचं स्कॅनिंग, कार्यालयातलं मराठी टंकलेखन ही कामंही धरावीत. पैसे तेवढेच लागतात, मुलाच्या हाती मात्र अनुभव येतो. पाचवी परीक्षा विभागाकडे : ज्यांना नेमणूकपत्र मिळालं आहे त्यांना तात्पुरतं प्रमाणपत्र लवकर मिळावं. निकालाच्या कागदासाठी हातची नोकरी जाते तेव्हा सेलची वर्षाची मेहनत गेलेली असते.

विद्यापीठाची वाट न बघता एक गोष्ट आताच करता येईल. शहादा, शिरपूर आणि चोपडा एकाच रस्त्यावर आहेत, जिल्हे मात्र तीन. तिन्ही ठिकाणच्या कॉलेजांनी मिळून मुलाखतींचा एक दिवस ठरवला तर एकट्या कॉलेजकडे न फिरकणारी कंपनी येते.

हे सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही. प्रत्येक विषयाचा एक शिक्षक समितीत घ्या, त्याला दोन कामं द्या : त्याच्या विषयाची ओजेटीची पाच ठिकाणं आणि मागच्या तीन तुकड्यांतल्या माजी विद्यार्थ्यांना फोन. फोनवर तीनच प्रश्न : काय करतोस, ते कसं मिळालं, तुझ्या ठिकाणी आमचं एक मूल वीस दिवस चालेल का? नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलसाठी नेमणूकपत्राची प्रत मागायचा मोह पहिल्या फोनला आवरा. दुसऱ्या फोनला मागा, देतात.

पैशांचं. नोंदवह्या ११०, प्रत्येकी ३५ रुपये, म्हणजे ३,८५०. साधारण ४० ठिकाणी प्रत्येकी दोन भेटी, भेटीला १५० रुपये पेट्रोल, म्हणजे १२,०००. सराव मुलाखतीला बाहेरचे सहा जण, प्रत्येकी ५०० मानधन, म्हणजे ३,०००. सेलचा स्वतंत्र मोबाइल क्रमांक, वर्षाचा रिचार्ज धरून २,४००. एकूण २१,२५०. यात बॅनर, शाल-श्रीफळ आणि उद्घाटन धरलेलं नाही, व्यवस्थापनाने विचारलं तर ते त्यांच्या खर्चाने होऊ द्या. प्रस्ताव आयक्यूएसीच्या ठरावासोबत जोडून द्या आणि आवक क्रमांक टाकून घ्या. भेटीचं पेट्रोल कोणी कापायला लागलं तर तेवढ्यावर मात्र अडून बसा. शिक्षक ठिकाणावर जाऊन आला नाही की मामाच्या दुकानाचा शिक्का परत येतो.